हैदराबाद ते पांढरकवडा, व्हाया नागपूर

दौलतसमोर "ते गाव जवळच आहे" असं म्हणू नये. माणूस अंगावर येतो. मारेगावच्या एका लग्नात माझ्या बाजूला जेवत होता. समोरच्यानं सहज म्हटलं, पांढरकवडा इथून असंल चाळीसेक. झालं. वांग्याच्या भाजीचा हात घेऊन दौलत पंगतीतून उठला. "अंदाज घरी ठेव! गाडीत डिझल अंदाजानं टाकतं काय? पक्कं सांग, नाहीतर मुकाट्यानं जेव."

हा माझा शेजारी, इथं पांढरकवड्यातच. जन्मभर नागपूर-हैदराबाद ट्रक चालवला, लग्न केलं नाही. आता ओट्यावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो, अन् दुपारी वरून विमान गेलं की त्याला शिव्या देतो. "मोठं आलं सव्वा तासवालं! हैदराबादचा माणूस आपल्या डोक्यावरून नेते, नागपूरले टाकते. मंग ये लेका गाडी करून वापस!"

मी म्हणायचो, तुझं काय जाते बे? माझी बुढी आतून हसायची अन् त्याच्यासाठी चहा टाकायची.

बुढी गेली पहाटे. आमचा एकुलता पोरगा प्रवीण हैदराबादला. फोन दौलतनंच लावला.

"रोडनं निघ, पोरा."

"काका, विमानाचं तिकीट काढलं. सव्वा तास फक्त."

"सव्वा तास हवेतला! घरून विमानतळ कोण मोजन? नागपूरवरून इथं कोण मोजन?"

पोरानं फोन ठेवून दिला होता. त्यात विमान लेट निघालं.

दुपारी अंगण माणसानं भरलं. तिरडी बांधून तयार. वर विमानाचा आवाज आला, तसा दौलत उठला. शिवी दिली नाही. दारातून आत निजवलेल्या बुढीकडं पाहून म्हणाला, "वयनी, पोरगा वरून गेला. थांबा जरासक."

माझा साळा सारखा घड्याळ पाहत होता. "भाटवे, दिवस बुडाच्या आत उचला लागते. कुठपर्यंत वाट पाहाची?"

तिचं तोंड पोराला दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्रवीणचे फोन दौलतकडेच येत होते.

"हिंगणघाट सोडलं," तो म्हणाला.

साळा पुन्हा उठला. "वडनेर," दौलत म्हणाला.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. चार जण तिरडीकडे वळले, तसा हा दारात आडवा बसला. "करंजीत पंचर झाली त्याची गाडी. करंजीत! म्या रस्त्यावर जिंदगी काढली, मले शिकवता काय बे?"

रस्त्याच्या गोष्टीत त्याच्याशी कोण भांडणार? बसले सारे.

दिवस टेकता टेकता गाडी आली. प्रवीणनं आईचं तोंड पाहिलं, पाणी पाजलं. मग उचललं.

परवा ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "प्रवीण सांगत होता, पंचर झालीच नोहती. तू करंजी म्हणला, तवा तो हिंगणघाटलेही पोचला नोहता."

"हौ." तो खर्रा घोटत राहिला.

"मंग खोटं काहून बोलला बे? तू?"

वरून विमान गेलं. त्यानं मान वर केली नाही.

"माही माय गेली तवा मी आदिलाबादच्या पलीकडं होतो, दादा. लोकाइनं इचारलं, पोरगा किती दूर आहे. कोणीतरी पक्कं सांगून देलं. मंग उचललं."