नवमीस ग्राफिक्स कार्ड देवघरी बसले, त्याची बखर

श्रीवक्रतुंड प्रसन्न. श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. वीज घरात स्थिर राहो आणि व्होल्टेज न डळमळो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन मास, घट बसले असता एका राज्यात जे थोर कृत्य जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिले तर शेजारची राज्ये रुसतात. लिहिणारा कोण हेही पुसू नये. काही पाहिले, काही ऐकिले, आणि जेथे ठाऊक नव्हते तेथे हात आखडता घेतला नाही.

या राज्यी सत्ता माईसाहेबांची. त्यांचे यजमान आबासाहेब, वीजखात्यातून निवृत्त होऊन बसले होते, परंतु हातचा टेस्टर निवृत्त जाहला नव्हता. चिरंजीव सलीलराव, स्वभावे भोळे आणि जिभेने सैल. त्यांचे लग्न वैशाखी होऊन शाल्मलीबाई सून म्हणोन घरी आल्या. त्या माहेरी असता संगणकावरील बंदुकीच्या खेळात ऐशा निपुण की धाकटे बंधू ओजसराव जन्मात एकदाही जिंकले नव्हते. मग बाई सासरी निघाल्या तेव्हा ओजसरावांनी त्यांचा जुना संगणक परस्पर काबीज केला, आणि भाद्रपदात मोबाइलवर खलिता धाडिला की, ताई, नवमीला संध्याकाळी ये मैदानात, का पोळ्या लाटायच्यात? तो वाचोन बाईंच्या नाकाचा शेंडा लाल जाहला. सासरी दुःख काडीचे नव्हते. परंतु या घरी त्यांची कीर्ती इतकीच, की सूनबाईस आमटीत गूळ किती घालावा ते आता समजले. आपण कोण होतो हे येथे कोणासही ठाऊक नाही, हे बाईंच्या मनास फार लागत असे, आणि या रणी हरलो तर ती पूर्वीची शाल्मली लग्नाच्या मांडवातच संपली असे होईल, ऐसे त्यांनी सलीलरावांस बोलोन दाखविले. ते ऐकोन सलीलराव उठोन उभे राहिले आणि म्हणाले, नवा संगणक बांधू, घरीच बांधू, आणि असा बांधू की बघत राहा.

मग मसलत बसली. बाई म्हणाल्या प्रोसेसर मजबूत पाहिजे, कारण तो राज्याचा कारभारी, तो मठ्ठ तर सगळे दरबारी हुशार असोन उपयोग नाही. रॅम भरपूर पाहिजे, म्हणजे कारभाऱ्यास ऐनवेळी कागद सापडतात. मदरबोर्ड ऐसा की सर्वांस बसण्यास जागा होईल. येथवर ठीक चालिले. मग पॉवर सप्लायचा विषय निघाला आणि आबासाहेब आरामखुर्चीतून ऐसे उठले की खुर्ची मागे आदळली. ते बोलिले की, बाकी काय वाटेल ते घ्या, हे मी निवडणार, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय या घरात काही लागणार नाही. मग त्यांनी घरचे सर्व सॉकेट तपासिले, शेजारच्यांचेही तपासिले, शेजारी नको म्हणत असता तपासिले. सलीलरावांस रंगीत दिव्यांची हौस, म्हणोन पंखे दिव्यांचे आणि पेटी काचेची ठरली. त्यावर माईसाहेब म्हणाल्या की आतले सगळे लोकांस दिसणार तर दृष्ट लागेल, आणि काचेच्या कोपऱ्यास काजळाची तीट लाविली. ती कोणी पुसली नाही.

अष्टमीस बांधणी जाहली. बैठकीत सतरंजी अंथरिली, बाई मध्ये बसल्या, सलीलराव स्क्रू पुरवीत, आबासाहेब बॅटरीचा झोत धरोन उभे. प्रोसेसर खाचेत बसविताना बाईंनी श्वास रोखिला तर तिघांनीही रोखिला, आणि खिटी करकरली तेव्हा सलीलरावांनी डोळेच मिटिले. वायरी इतक्या की माईसाहेब म्हणाल्या, शेवयांची परात उलटली काय. मग बटण दाबिले आणि पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर अक्षरे उमटली, तेव्हा काय तो जल्लोष, आबासाहेबांनी दूधवाल्यासही आत बोलावोन दाखविले. उणीव दोहोंची. एक, पडद्यावर चित्रे रेखाटणारे ग्राफिक्स कार्ड यावयाचे होते, तोवर प्रोसेसर आपलीच मोडकी चित्रे काढोन वेळ मारोन नेत होता. दुसरी, एक स्क्रू उरला. तो कोठला हे कोणास सांगता येईना. आबासाहेब तो मुठीत धरोन निजावयास गेले.

आता या घराण्याची रीत ऐसी की खंडेनवमीस घरातील जे खरे हत्यार ते पाटावर मांडावे, हळदकुंकू वाहावे, झेंडू वाहावा, आणि दसऱ्याची पूजा होईतो त्यास हात लावू नये. आबासाहेबांची पक्कड बसे, कात्री बसे, माईसाहेबांची विळी बसे. नवमीची भाजी म्हणोन अष्टमीसच चिरोन ठेवीत. नवमीस सकाळी शाल्मलीबाई न्हाणीघरात असता कुरिअरवाला कार्ड घेऊन आला. माईसाहेबांनी खोके घेतले, उघडिले, आणि तीन पंख्यांचे ते काळे जडशीळ प्रकरण हाती धरोन चिरंजीवांस विचारिले की, सगळ्या संगणकात खरे हत्यार कोणते रे? सलीलराव स्टुलावर चढोन तोरण बांधीत होते. खाली न पाहता, छाती फुगवोन बोलिले, "आई, ग्राफिक्स कार्ड. तीच तलवार. बाकी सगळं नुसतं म्यान."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शाल्मलीबाई आल्या, खोके उचलिले, तो रिकामे. धावत देवघरी गेल्या, तो विळी आणि पक्कड यांचे मध्ये कार्ड विराजमान, तिन्ही पंख्यांस एकेक झेंडू, कपाळी कुंकू. सलीलराव गयावया करू लागले की, आई, संध्याकाळी लागणार आहे. माईसाहेब म्हणाल्या की उद्या दसरा आहे, उद्या घ्या, मी माझी विळी मागते का? मग सलीलरावांनी ओजसरावांकडे वकिली केली की युद्ध एक दिवस पुढे ढकलावे. जबाब आला, ताई घाबरली, असं लिहून दे, मग ढकलतो. इकडे आड तिकडे विहीर. बाई म्हणाल्या की देवीचे पाटावरचे मी उचलणार नाही, आणि ओज्याला लिहूनही देणार नाही. आहे त्याने लढेन.

संध्याकाळी रण मांडिले. वीस बळी आधी जो घेईल तो जिंकला, ऐसा करार. परंतु बाईंच्या पडद्यावर शत्रू उकडलेल्या बटाट्यासारखा दिसे, आणि चित्र अडखळत चाले, म्हणजे बाईंनी नेम धरावा डावीकडे तो ओजसराव केव्हाच उजवीकडून गोळी घालोन मोकळे. स्पीकरातून त्यांचे हसणे येई. त्यांचे चौदा जाहले, बाईंचे तीन. मग ते म्हणाले, "काय ताई, पोळी करपली का?" माईसाहेब नैवेद्याचे ताट घेऊन मागून जात होत्या. त्या थबकल्या. हे कोण बोलते, आणि सूनबाई हरते का, म्हणोन चिरंजीवांस पुसिले. सलीलराव हळूच म्हणाले, "आई, तलवार तुझ्या पाटावर आहे. ती म्यानाने लढते आहे."

इतक्यात स्पीकरातून विहीणबाईंचा, म्हणजे शाल्मलीबाईंच्या मातोश्रींचा आवाज आला की, ओजस, ऊठ, आरतीला ये, नाहीतर वायर काढीन. इकडेही आरतीची वेळ जाहलीच होती. मग उभय पक्षी तह जाहला, गुण तोंडी धरिले, आणि दोन्ही राज्ये टाळ्या पिटू लागली. आरती म्हणताना माईसाहेबांची नजर देवीवर कमी आणि कार्डावर फार. शेवटी कापूर विझला, तेव्हा त्यांनी देवीस हात जोडिले, वाकल्या, आणि आपल्याच हाते कार्ड पाटावरून उचलिले. मग त्या सुनेजवळ येऊन बोलिल्या, "मी उचललंय, दोष लागला तर मला. घे. हत्यार कामाचं असतं. कुंकू तेवढं पुसू नकोस."

बाईंनी पाया पडावे की कार्ड घ्यावे, हात दोनच, म्हणोन आधी पाया पडल्या. मग संगणक बंद करोन काच काढिली, कार्ड खाचेत बसविले, तो ते पेटीस बांधावयास एक स्क्रू कमी. आबासाहेबांनी मूठ उघडिली. तो नेमका तेथलाच निघाला, आणि म्हातारा लेकरासारखा नाचला. बटण दाबिले. तिन्ही पंखे भिरभिरले आणि त्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या काचेच्या पेटीत ऐशा उधळल्या की जणू अक्षता पडल्या. पडदा उजळला. बटाट्यास नाक आले, डोळे आले, त्याच्या बुटाची लेसही दिसो लागली. मग काय विचारता. बाईंनी छपराआडून टिपिला, जिन्यावर टिपिला, पळता टिपिला, लपला तेथे टिपिला. पंधरा, सोळा, सतरा. सलीलराव पलंगावर चढोन ओरडू लागले, आबासाहेब मोठ्याने गुण मोजू लागले, आणि माईसाहेब खेळ कळत नसोनही, मागे बघ, मागे बघ, म्हणोन सुनेचा खांदा धरोन हलवू लागल्या. ओजसराव अठरावर असता बाईंनी विसावा बळी टिपिला.

तत्क्षणी माईसाहेब पुढे झुकल्या, माइक कोठे ते ठाऊक नव्हते म्हणोन पडद्यासच तोंड लावोन बोलिल्या, "विहीणबाई, ऐकताय ना? आमची शाल्मली जिंकली."

पलीकडून विहीणबाई हसल्या, आणि मग पदर डोळ्यास लाविला ऐसे ओजसरावांनी मागाहून सांगितले. शाल्मलीबाई मात्र पडद्याकडे पाहातच राहिल्या. तेथे आपले नाव पहिले लिहिले होते ते त्यांनी पाहिले नाही. सासूबाईंचा हात अजून खांद्यावर होता, तो काढू नये म्हणोन त्या हालल्या नाहीत.

एवंच. दसऱ्यास ओजसराव स्वतः आपट्याचे सोने घेऊन आले, माईसाहेबांनी त्यांस बसवोन गरम पोळ्या वाढिल्या, आणि त्यांनी मुकाट खाल्ल्या. पुढे फर्मान निघाले की नवमीस कार्ड पूजेस बसेल, परंतु आरतीपावेतोच, आणि विळी मात्र रीतीप्रमाणे दसऱ्यापर्यंत. कार्डावरचे कुंकू अद्याप आहे. लेखनसीमा.