नऊ कुंड्या आणि एक झोपलेलं रोप

एका रविवारी सकाळी नोंदसाहेबांना कुंड्यांवरच्या लेबलांचं अक्षर खटकलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

नोंदसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. रेकॉर्ड विभागात तेवीस वर्षं काढलेला माणूस. टाचणी हरवली तरी तिची फाइल सापडेल, अशी ख्याती. घरी बाल्कनीत नऊ कुंड्या. आठ बायकोच्या, नववी मेव्हण्यांची. मेव्हणे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. गावाबाहेरचं माळरान खणून इमारती उठल्या, तेव्हा त्यांनी तिथल्या एका निळ्या तुऱ्याच्या झुडपाचं बी वाचवलं होतं. त्यातलं एकच रोप जगलं. वर्षभर मुलीकडे राहायला जाताना त्यांनी ते नोंदसाहेबांच्या हवाली केलं.

"भावोजी, थंडीत हे वरून पार वाळतं. मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. मुळातून पुन्हा फुटतं. सांभाळाल ना?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मेव्हण्यांनी आजवर साधी हातातली पिशवीसुद्धा त्यांच्याकडे दिली नव्हती. नोंदसाहेबांचा ऊर भरून आला. त्या दिवसापासून रोज सकाळी कुंडीत तांब्याभर पाणी आणि वहीत शेरा, 'प्रगती समाधानकारक'. (रोप वाळून काटकी झालं तरी शेरा तोच.)

तर त्या रविवारी त्यांनी नऊच्या नऊ लेबलं एकदम उपटली आणि फूटपट्टी, काळी शाई घेऊन टेबलाशी बसले. अर्ध्या तासात मोत्यासारख्या अक्षरात नवी लेबलं तयार झाली. अनुक्रमांक, नाव, दिनांक, खाली सही. शाईवर फुंकर मारत ते बाल्कनीत आले आणि जागच्या जागी थिजले.

समोर नऊ सारख्या कुंड्या. नऊ कुंड्यांत थंडीत छाटलेले वाळके खुंट. आजवर ते लेबल वाचूनच पाणी घालत आले होते. आता कोण कुठलं, देव जाणे!

आणि मेव्हणे चार वाजता रोप न्यायला येणार होते.

त्यांनी मोबाइलने एका खुंटाचा फोटो काढून ओळखायला दिला. मोबाइल म्हणाला, 'खुर्चीचा पाय'. मग ते वाकून एकेक कुंडी हुंगू लागले. (नाक सर्दीने चोंदलं होतं, पण प्रयत्नात कसूर नको.)

"अहो, कुंड्यांचा वास काय घेताय?" आतून बायको.

"तपासणी!"

"कसली?"

"वार्षिक!"

चारच्या ठोक्याला मेव्हणे हजर.

"कुठंय आमचं बाळ?"

नोंदसाहेबांची तेवीस वर्षांची नोकरी कामी आली. अडलेलं प्रकरण वरच्या टेबलाकडे सरकवायचं!

"तुम्हीच ओळखा, दादा! तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय दाखवणार?"

मेव्हणे खुलले. खिशातून भिंग काढून ते गुडघ्यांवर बसले. पाच कुंड्या नापास झाल्या. सहावीशी मात्र ते ओरडलेच, "चौकोनी खोड! चुरगळल्यावर उग्र वास! हेच ते!" त्यांनी उठून नोंदसाहेबांना मिठी मारली. "भावोजी, खरं सांगतो, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

नोंदसाहेब सुखावले. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"दादा, माझा पुदिना घेऊन कुठे निघालास?"

"पुदिना?" मेव्हण्यांनी पुन्हा भिंग लावलं. "हं. त्याचंही खोड चौकोनीच असतं म्हणा. मग आमचं रोप?"

बायकोने न्हाणीघराच्या खिडकीतून एक टवका उडालेली कुंडी आणली. तिच्यात दोन हिरवेगार कोंब होते.

"हे रोज त्याच्यावर तांब्या उपडा करायचे. झोपेतच कुजलं असतं. चार महिन्यांपूर्वीच काढून लपवलं मी."

"मग मी पाणी कशाला घालत होतो?" नोंदसाहेबांनी विचारलं.

"खराट्याच्या काड्यांना. म्हटलं, तुमचा हिरमोड नको."

मेव्हण्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हसू दाबताना त्यांचे खांदे गदगदत होते. रोप वाचल्याचा नोंदसाहेबांना मनापासून आनंद झाला, अगदी डोळे ओले झाले. पण सव्वीस वर्षांनी कमावलेली इभ्रत अशी पाच मिनिटांत जाऊ द्यायची? निदान काहीतरी अचूक ओळखून दाखवायलाच हवं होतं.

"त्या काड्या कुठल्या कुंडीत आहेत, ते मी सांगतो," ते म्हणाले.

"अहो, राहू द्या, मी काढते..."

"थांब! चार महिने डोळ्यांत तेल घालून पाहिल्यात मी!"

ते ताठ मानेने तिसऱ्या कुंडीपाशी गेले, वाकले, खुंट दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जोर लावून उपटला.

बायकोची शेवंती मुळांसकट हातात आली.