रऊफभाई भांडण लावून देतात

रऊफभाई कोणत्याही गावात गेले की आधी भांडण लावून देतात. तेही भर सभेत, चहा पिता पिता, अतिशय अदबीनं.

याचा त्यांना पगार मिळतो, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या संस्थेत आम्ही दोघं एकच काम करतो. शेतकरी गटांना नेतृत्वाचं प्रशिक्षण मिळतं, त्याचा खरंच काही उपयोग झाला का, ते गावात जाऊन तपासायचं. मी प्रश्नावली घेऊन जाते. रऊफभाई हात हलवत येतात. "ताई, कागदावर सगळेच लीडर. जरा ढवळून बघू द्या ना!"

कन्नड तालुक्यातल्या एका गावात गटाच्या अध्यक्षांनी शिबिरात शिकवलेलं भाषण घडाघडा म्हणून दाखवलं. टाळ्यांसाठी मध्ये थांबलेसुद्धा. रऊफभाईंनी "माशाल्ला" म्हणत मान डोलावली आणि भोळेपणानं विचारलं, "गटाचं मळणी यंत्र आलंय म्हणं. पहिलं कुणाच्या रानात जाणार?"

झालं! सगळे एकदम उठले. अध्यक्षांनी "शांतता, शांतता" करत भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रऊफभाई खुशीत बशीत चहा ओतत होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या सुमनबाई उभ्या राहिल्या. शिबिराला गेलेल्या, पण सभेत तोंड न उघडणाऱ्या.

"ज्याचा मका आधी वाळला, त्याच्याकडं आधी. ज्याच्या घरात माणसं नायत, तिथं बाकीच्यांनी हात लावायचा. व्हय का नाय?"

कुरकुर झाली, पण माणसं एकेक करून खाली बसली. सुमनबाई रऊफभाईंकडं वळल्या. "आन् काका, तुमी मुद्दाम लावून दिलं ना?"

"तौबा! मी फक्त पुसलं."

"पुसलं म्हणं! चला जेवायला."

त्यांच्या घरी रऊफभाई एका भाकरीवरच उठायला लागले.

"बसा खाली! हाडं दिसायलीत. घरी कुणी वाढतं का नाय?"

"बेगम गेली. पोरगा दुबईला. एकट्याला चहा-पाव चालतो."

"चालतो काय? या वयात असं करतेत का?" सुमनबाईंनी दुसरी भाकरी वाढली, वर तूप घातलं, आणि बोलणं काही थांबवलं नाही. कुणाशीही हुज्जत घालणारे रऊफभाई मान खाली घालून, ऐकत जेवले.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "सुमनबाईंबद्दल अहवालात काय लिहायचं?"

ते बाहेर बघत म्हणाले, "ताई, लई दिवसांनी कुणीतरी रागावलं मला."