नवाबाचं पोट आणि सटवाजींची इज्जत

सटवाजींच्या घोड्याला हगवण लागून नऊ दिवस झाले होते, आणि ही गोष्ट गावात कुणालाही कळता कामा नये, असा घरात सक्त हुकूम होता. हुकूम घोड्याला लागू पडत नव्हता. तो दिवसातून दहा-अकरा वेळा जे काय करायचं ते अगदी मोकळ्या मनाने करत होता, आणि सटवाजींच्या पत्नी भागुबाई घमेलं घेऊन त्याच्या मागे उभ्या राहत होत्या.

घोडा म्हणजे काही शर्यतीचा उमदा घोडा नव्हे. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडताना पाल, भांडी आणि नुकती जन्मलेली कोकरं पाठीवर लादायला ठेवलेलं ते एक बुटकं तट्टू होतं. नाव मात्र नवाब.

आता जनावराचं पोट बिघडलं, त्यात लपवण्यासारखं काय? दुसऱ्या कुणाचं असतं तर काहीच नव्हतं. पण सटवाजी म्हणजे पंचक्रोशीतले जनावरांचे वैद्य. तीस वर्षं त्यांनी गावातल्या बैलांना, म्हशींना, शेळ्यांना बांबूच्या नळकांड्यातून काढे पाजले होते. जनावर उठून उभं राहिलं की औषधाचा गुण, आणि दगावलं की मालकाने आणायला उशीर केला. या पद्धतीत वैद्याचं नाव खराब व्हायला जागाच नाही. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात राजेश्री मॅडम नावाच्या नव्या डॉक्टर आल्या, तेव्हा सटवाजींनी भर पारावर जाहीर केलं होतं, "वहीत बघून म्हशीला सुई टोचती! जनावराचं पोट काय वहीत ऱ्हातंय का?" त्यामुळे आता त्या दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे गावासमोर नाक घासणं. ते सटवाजींना मरेपर्यंत जमणार नव्हतं.

म्हणून घरगुती इलाज चालू होता. सटवाजींचं हगवणीवरचं खास औषध असं: बेलाचा गर, अर्धा किलो गूळ, पावशेर गोडं तेल आणि एक गुप्त मुळी. इतका गूळ आणि इतकं तेल पोटात गेल्यावर कुणाचंही काय होईल, हे वेगळं सांगायला नको. पण गुण नाही आला की मात्रा वाढवायची, हा सटवाजींचा नियम होता. नवव्या दिवशी मात्रा दुप्पट झाली होती.

"आवो, एक डाव औषध बंद तरी करून बघा," भागुबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय? रोग बाहीर पडायलाय."

"रोग कवाच बाहीर पडला. आता घोडा बाहीर पडायलाय."

"गप बस. कुणी ऐकंल."

"मग त्या मॅडमला बलवा गुपचूप."

"त्या पोरीला? मी? मेलो तरी न्हाई."

"तुमी कशाला मरताव? त्यो मरंल."

सटवाजींनी नवाबाकडे पाहिलं. बरगड्या मोजता येत होत्या. सात वर्षांचा त्यांचा तो सोबती, रानात थंडीने काकडताना ज्याच्या पोटाला टेकून ते बसत, तो आता मान खाली घालून उभा होता. घोडा जाणार, ही भीती त्यांना वाटली. घोडा जाईल आणि गावाला कळेल, ही त्याहून जास्त वाटली. ते तडक सेलूला निघाले, आणि तिथे माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन बसले. पोट ते पोट, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर नाव नको, असं त्यांनी बजावलं, तरी कंपाउंडरने गावाचं नाव तेवढं लिहून घेतलं.

"काय त्रास आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय न्हाई. घरी एकाला ढाळ लागलेत."

"किती दिवस?"

"नऊ."

"दिवसातून किती वेळा?"

"धा-अकरा."

डॉक्टरांनी पेन उचललं. "एका वेळेला साधारण किती?"

सटवाजींनी प्रामाणिकपणे दोन्ही हातांनी माप दाखवलं. "अर्धं घमेलं."

पेन थांबलं. "उलट्या?"

"त्येला उलटी व्हतच न्हाई. त्येची जातच तशी हाय."

"तुमचा कोण लागतो?"

"पोटच्या पोरावानी हाय बगा."

"मग घेऊन का नाही आलात?"

"कसा आनू? एष्टीत घेत न्हाईत त्येला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आत्ता कुठे आहे तो?"

"परसात बांधलाय."

"बांधलाय?"

"सोडला की गावभर हिंडतोय साहेब. समद्या गावाला कळंल न्हवं!"

डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी फोनला हात घातला. फोन दिसताच सटवाजी चपला हातात घेऊन जे निघाले, ते थेट स्टँडवर. औषध राहिलं ते राहिलंच. वर ज्या जीपमध्ये बसले ती वाटेत पंक्चर झाली. ते गावात पोचेपर्यंत आरोग्य खात्याची गाडी त्यांच्या आधी येऊन उभी होती.

खात्यापर्यंत पोचलेला निरोप असा होता: कॉलऱ्याचा संशयित रुग्ण, नऊ दिवसांपासून गंभीर, दिवसाला दहा-अकरा वेळा, दर वेळी अर्धं घमेलं, घरच्या निर्दय माणसांनी परसात बांधून ठेवलेला. एवढ्यावर कुठलंही सरकार हलतं. पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर पडली, हॉटेलातली भजी नालीत गेली, आणि गावची आशाताई शिवकन्या वही घेऊन घरोघर फिरू लागली.

"घरात कुणाला धा-अकरा वेळा व्हायलंय का?"

स्वतःच्या घरात कुणालाच होत नव्हतं. शेजारच्या घरात मात्र सगळ्यांना होत असावं, असा प्रत्येकाला दाट संशय होता. मालनबाईंनी तर आपल्या जावेचं नाव स्वतः पेन घेऊन लिहिलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण दुसऱ्या दिवशी गावातल्या रायभानच्या नातवाचं जावळ होतं. दोन बोकड दारात बांधलेले, आख्ख्या गावाला आवतण. आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले, "रुग्ण सापडेपर्यंत गावात एकही पंगत बसणार नाही." रायभानचा पारा चढला. काठी घेऊन तो शिवकन्येच्या पुढे झाला आणि एकेक परस धुंडाळू लागला. मटणाचा प्रश्न असल्यामुळे त्याच्या मागे निम्मं गाव होतं.

दिवस कलायच्या आत हा जथा सटवाजींच्या दारात आला. पऱ्हाट्यांच्या कुडामागे नवाब उभा होता. त्या क्षणी तो नेमकं काय करत होता, ते आवाजावरून कळत होतं.

"आबा, परस बघू द्या," रायभान म्हणाला.

"माझ्या परसात काय बघायचंय?"

"कुनीतरी मानूस बांधलाय म्हनं. आवाज बी यायलाय."

सटवाजींच्या कपाळावर घाम आला. भागुबाई हळूच म्हणाल्या, "सांगून टाका की."

सांगायचं म्हणजे काय? कूड ओलांडला की तीस वर्षांची इज्जत त्या घमेल्यात. सटवाजींनी तेवढ्यात विचार केला, आणि तो त्यांच्या दृष्टीने बिनचूक होता. माणसाचं पोट बिघडलं तर ते दैव. घोड्याचं बिघडलं तर विद्येवर डाग.

"परसात कुनी न्हाई," ते म्हणाले. "आवाज माझ्या पोटाचा हाय. मीच त्यो."

गर्दी दोन पावलं मागे सरली.

"तुमी? आबा, तुमी तर औषध देताव!" रायभान म्हणाला.

"म्हून काय झालं? औषध देनाऱ्याला पोट नसतंय का?"

डॉक्टर पुढे आले. "काका, तुम्हाला बांधून कोणी ठेवलं होतं?"

सगळ्यांनी भागुबाईंकडे पाहिलं. भागुबाईंनी पदर सावरला. "मी. बांधल्याबिगर एका जागी ऱ्हात न्हाईत ते," त्या म्हणाल्या, आणि यात तसं खोटं काही नव्हतं.

अँब्युलन्स आली. सटवाजींना स्ट्रेचरवर आडवं केलं. ते चालत येतो म्हणत होते, पण एवढ्या गंभीर रुग्णाचं ऐकणार कोण? शिवकन्येने भागुबाईंच्या ओटीत ओआरएसच्या तीस पुड्या टाकल्या आणि हात साबणाने धुवायला सांगितलं.

आरोग्य केंद्रात सटवाजींना दोन्ही हातांना सलाईन लागलं. तपासणीसाठी शौचाचा नमुना हवा होता, त्यासाठी एक छोटी डबी दिली. आता खरी पंचाईत झाली. भीतीने म्हणा, लाजेने म्हणा, सटवाजींचं पोट जे गच्च बसलं ते बसलंच. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, डबी रिकामी. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, "उपचारांना उत्तम प्रतिसाद." आणि सांगितलं की नमुना दिल्याशिवाय घरी सोडणार नाही. तिकडे गावात रुग्ण सापडल्याच्या आनंदात जावळाची पंगत उठली, आणि इकडे सटवाजी साबुदाण्याची पेज पीत पडून होते. चौथ्या दिवशी नर्सने अख्खी पपई खायला घातली, तेव्हा कुठे सुटका झाली. नमुन्यात काही म्हणजे काही सापडलं नाही.

घरी येऊन सटवाजी पहिले परसात धावले. नवाब कान टवकारून उभा होता. डोळ्यांत तेज होतं, आणि पायाशी गोल, घट्ट, देखणी लीद पडली होती. सटवाजींनी त्याच्या मानेला मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले.

"काय केलंस गं?"

"काय करनार? औषध पाजायला घरी कुनी नव्हतं," भागुबाई म्हणाल्या. "सुका कडबा टाकला आन् त्या पोरीच्या पुड्या बादलीत कालवून पाजल्या. पयल्याच दिवशी फरक पडला, तिसऱ्या दिवशी बरा झाला."

सटवाजींनी वाकून लीद पुन्हा एकदा निरखली. मग म्हणाले, "माझं औषध जरा उशिरानं लागू पडलं म्हन की." भागुबाईंनी घमेलं उचललं आणि लीद भरायला घेतली.

म्हणजे घोडा वाचला आणि गुपितही वाचलं. सटवाजी ऐटीत पारावर गेले, तर तिथे हवा बदललेली. ते बसले तसे दोघे जण सरकून बसले. मालनबाई शेळीला धरून दवाखान्याच्या वाटेला निघाली होती.

"काय झालं गं शेळीला?" सटवाजींनी विचारलं.

"ढाळ लागलेत आबा."

"मग तिकडं कामून? माझ्याकडं आन की."

मालनबाई जरा लाजली. "तसं न्हाई आबा. पर तुमाला सोताचे थांबवता आले न्हाईत, तर तिचे कसे थांबवताल?"

पारावर हशा पिकला. सटवाजींच्या डोक्यात तिडीक गेली. जी इज्जत वाचवायला चार दिवस सुया टोचून घेतल्या, ती अशी फुकापासरी चालली? ते उभे राहिले आणि ओरडले, "आरं, मला नव्हती रं हगवन! घोड्याला व्हती! नवाबाला!"

मग रायभान इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आबा, सोताचं त्या मुक्या जीवावर ढकलताव व्हय?"

"खोटं वाटतंय? चला, दावतो!"

अर्धं गाव पुन्हा त्या परसात आलं. सटवाजींनी नवाबाकडे बोट दाखवलं. "ह्यो! नऊ दिवस! धा-अकरा वेळा!" नवाबाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, शेपूट वर केलं, आणि भर सभेत पाच-सहा टणक गोळे टाकले. रायभानने वाकून बघितलं आणि सटवाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, हगवन कुनालाबी व्हती. लाजायचं न्हाई त्यात."

सटवाजींनी साक्षीला भागुबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "मी काय सांगू? डाक्टरासमोर एकदा सांगून बसले. आता शब्द फिरवला तर पुड्या देनार न्हाईत पुन्यांदा."

त्यानंतर आठ दिवस सटवाजी घराबाहेर पडले नाहीत. औषधाची टोपली आढ्याला टांगली गेली. आपली विद्या संपली, हे त्यांनी मनाशी धरलं, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं. नवाबाजवळ बसून ते त्याला नुसतं खाजवत राहायचे.

नवव्या दिवशी सकाळीच रायभान दारात आला. मागे आणखी तिघे होते, त्यात एक परगावचा.

"आबा, एक काम व्हतं. आमची म्हातारी पाच दिस झाले मोकळी झाली न्हाई. गोळ्या झाल्या, चूर्ण झालं, कशानंच काय व्हईना. तुमी त्या वक्ताला जे घेतलंत ना, ते द्या की थोडं."

"काय घेतलं मी?"

"तुमचंच काहीतरी असंल की. धा-अकरा वेळा, अर्धं घमेलं! एवढा गुन असलेलं औषध परभणीत बी मिळत न्हाई आबा."

मागच्या तिघांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरी कुणी ना कुणी अडकलेलं होतं.

सटवाजींच्या जिभेवर आलं होतं की बाबांनो, ते थांबवायचं औषध आहे. तीस वर्षं ते थांबवायचंच औषध होतं. त्यांनी दारातल्या चौघांकडे पाहिलं. चौघांच्या नजरेत जुना आदर होता. सटवाजींनी तो शब्द गिळला, पागोटं नीट केलं आणि आढ्याची टोपली खाली घेतली.

"सकाळच्या पारी दे," ते गंभीरपणे म्हणाले. "आन् त्या दिवशी म्हातारीला गावाला बिवाला न्यायचं काढू नको."