घसरण्याची सोय

छोट्या कॉलेजात दोन वर्षं काढून तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात आलेल्या त्या मुलीला पहिल्याच दिवशी 'बदलीवाली' हे नाव चिकटलं. अशी मुलं पहिल्या सत्रात घसरतात, हे विद्यापीठाने संशोधनाअंती सिद्ध केलं होतं. त्यांना सावरायला एक खास कक्ष होता. कक्षाचा मार्गदर्शन वर्ग रोज अकराला भरे. गणिताचा तासही अकरालाच असे, पण त्याला इलाज नव्हता. कक्षाला खोली तेव्हाच रिकामी मिळायची.

बदलीवाली सरळ गणिताला जाऊन बसली आणि पहिल्या चाचणीत वर्गात पहिली आली.

कक्षप्रमुखांनी तिला तातडीने बोलावून घेतलं.

"बाळ, तुझं काही बिनसलंय का?"

"नाही सर. पहिली आले."

"तेच म्हणतोय मी! तुम्ही मुलं आधी घसरता, मग आम्ही सावरतो. तू घसरलीच नाहीस, तर आम्ही सावरायचं कुणाला?"

"पण सर, मला जमतंय."

"बघ, सगळ्यांना सुरुवातीला असंच वाटतं," प्रमुख कळवळून म्हणाले.

कक्षाने 'रुळली' असा शेरा दिल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नसे. घरून आई रोज फोनवर विचारायची, "पदवी मिळणार ना गं यंदा?" बदलीवाली मुकाट्याने कक्षात जाऊ लागली. तिथे तिला दीर्घ श्वास कसा घ्यावा, नव्या जागी मन कसं रमवावं आणि तास बुडवणं किती वाईट, हे शिकवण्यात आलं. सत्रपरीक्षेत ती गणितात सपशेल आपटली.

कक्षात आनंदीआनंद झाला. "आता कसं!" प्रमुखांनी तिची पाठ थोपटली. "आता तू सावरणार. घसरल्याची नोंद झाली, उद्यापासून इकडे यायची गरज नाही."

पुढच्या सत्रात ती गणिताच्या तासाला बसली, शेरा मिळाला, अंतिम परीक्षेत पहिली आली. कक्षाला उत्कृष्ट कार्याचं पारितोषिक मिळालं. समारंभात तिला यशाचं रहस्य विचारलं गेलं.

"मला तासाला बसू दिलं," ती म्हणाली. तिला भयंकर राग आला होता.

सभागृहाला हा तिचा विनय वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. समारंभाला गावाहून आलेल्या आईने तर डोळे पुसले.

तुम्ही हसताय? हसा. पण तुमच्या ऑफिसात परवा बदलून आलेला तो माणूस अजून कॉरिडॉरमध्ये उभा आहे. रुळेल म्हणताय ना? मग त्याला आधी खुर्ची द्या.