काळ्या ठिपक्याची तांबोशी

मासा ओळखावा तर गजाननने! निदान त्याचं स्वतःचं म्हणणं तसं होतं. गडी मूळचा अकोल्याचा, नोकरी चंदीगडच्या सरकारी कचेरीत. समुद्र पाहिला तो अलिबागला, स्वतःच्या लग्नात. तेवढ्यात तो मासळीतला तज्ज्ञ होऊन परतला होता.

बायकोला, अलिबागच्या प्रतिमाला, सातवा महिना लागला. घास म्हणून घशाखाली उतरेना. डोहाळे एकच, तांबोशीचे, समुद्रातल्या त्या तांबूस माशाचे! सेक्टर बावीसच्या बाजारात सगळी नदीची मासळी. शेवटी तिचा मावसभाऊ विलास, हवाई दलातला, मुंबईहून विमानाने येताना बर्फात घालून एक मासा घेऊन आला, गजाननच्या हाती दिला आणि ड्यूटीवर पळाला. प्रतिमा झोपली होती.

गजाननने मासा उलटापालटा केला. अंग लालसर, झकास. पण कुशीवर हा एवढा काळा ठिपका!

"नासला!" पोटुशी बाईला हे विष घालायचं? तो तडक मागच्या गल्लीतल्या कचरापेटीकडे निघाला.

"ओ गजानन जी, मच्छी क्यों सुट्ट रहे हो?" शेजारच्या हरबंस कौर, म्हणजे सगळ्यांच्या बीजी, आडव्या आल्या.

"खराब है, बीजी! ये देखिए, काला दाग!"

बीजींनी कल्ले उघडून पाहिले, वास घेतला. "एकदम ताज़ी है जी! लाओ इधर!"

मासा गेला आणि गजाननचा जीव टांगणीला लागला. बीजींच्या सबंध घराला विषबाधा झाली तर? तो घडोघडी कुंपणावरून विचारू लागला, "बीजी, तबियत ठीक है ना?" बीजींना वाटलं, किती मायाळू मुलगा!

संध्याकाळी तो जवळच्या दवाखान्याची वेळ विचारून घरी आला, तर प्रतिमा बीजींकडून आलेले तळलेले तुकडे खात बसलेली. तोंडात घास, डोळ्यांत पाणी!

"थुंक! थुंक आधी!"

"वेड लागलंय का? तांबोशी आहे ही!" तिने बेसन सुटलेला तुकडा पुढे केला. "हा ठिपका बघा ना. खडकातली तांबोशी आम्ही ह्याच्यावरूनच ओळखतो. विलास आणणार होता तीच, तुम्ही बरोब्बर ओळखलीत! आणि मला वास सोसत नाही म्हणून बीजींकडे करायला दिलीत. किती जपता हो मला!"

तेवढ्यात भांडं न्यायला बीजी दारात उभ्या. संपलं! आता सगळं फुटणार!

बीजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग प्रतिमाच्या डोक्यावरून हात फिरवला. "हां पुत्तर, खुद मेरे हाथ में देकर गया। बड़ा पारखी है तेरा घरवाला!"

जन्मात कुणाचे इतके उपकार वाटले नव्हते. गजानन वाकून त्यांच्या पायाच पडला.

"अगंबाई! तुमच्यासाठी एक तुकडाही नाही उरला की हो!" प्रतिमा हळहळली.

"असू दे," गजानन म्हणाला. "मला नुसती ओळख झाली, तेवढी पुरे!"