आधी अर्थ ऐक

त्या संध्याकाळी आम्ही तिघं ओसरीवर होतो. गिरजा, माझी बायको, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. मी बिडी तोंडात धरून काडी पेटवली, तसा शेजारचा झिबल ओरडला, "थांब गा! आधी अर्थ ऐक!"

झिबल स्वतः बिडी ओढत नसे. पण अर्थ ऐकल्याशिवाय दुसऱ्यालाही ओढू देत नसे. मोठ्या लढाईत तो इटलीत खच्चरं हाकायला होता. तिथून पदक आणलं नाही, एक शब्द आणला. "तंबाखूले इटलीवाला म्हणते ताबाक्को. फ्रान्सवाला ताबा. जर्मन कैदी ताबाक. एकमेकाले गोळ्या घालत, पन मांगत एकच चीज!"

पुढचं त्याला पलटणीतल्या पाद्र्यानं सांगितलं होतं. शब्द यांच्यापैकी कोणाचाच नाही, सातासमुद्रापारच्या बेटांवरचा. कोणी म्हणतात, तिथं गुंडाळलेल्या पानाला तसं म्हणत. कोणी म्हणतात, धूर ओढायच्या नळीला. "नाकानं ओढत, नाकानं! पंडितांचं भांडन अजून मिटलं नाई."

"त्याईले माह्या सुपात पाहाले सांगा, भाऊजी," गिरजा म्हणायची. "गुंडाळलेलं पानच होय."

चहाच्या टपरीवर तो दिसला की लोक बिडी कानावर ठेवून उठत. घरी बायको नाही, पोर नाही. मीही म्हणायचो, "काऊन डोकं खाऊन राह्यला?" ऐकायची एकटी गिरजा. रोज तेच, तरी रोज विचारायची, "अन् जर्मनवाला काय म्हणते, भाऊजी?"

त्या संध्याकाळीही विचारलं. मग कापलेली पण वळायची राहिलेली पानं सकाळसाठी ओल्या फडक्यात बांधून ठेवली.

सकाळी ती उठलीच नाही. दुपारी जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर खुडबुड झाली. पाहतो तर झिबल सूप घेऊन बसलेला. "वयनीचे पानं सुकून राह्यले," म्हणाला.

जन्मात त्यानं बिडी वळली नव्हती. एक ढिली, एक वाकडी, जर्दा सारा धोतरावर. कारखान्यातल्या तपासणाऱ्यानं सगळ्या फेकून दिल्या असत्या.

मी त्यातली एक उचलली. काडी पेटवली. त्याचं "थांब गा" आलं नाही.

काडी बोटापर्यंत जळत आली. मी ती टाकून दिली अन् त्याच्या शेजारी बसलो.

"अन् जर्मनवाला काय म्हणते गा?"

त्यानं नाक पुसलं, अन् इटलीपासून सुरुवात केली.